गोंदणातली मोकळी जागा

"चला, पुढच्या बाई," म्हणत उमेशनं मान वर केली, तर समोर आई.

जामसरच्या शाळेत तपासणी चालली होती. हातावर यंत्र टेकवायचं, कातडीवर उजेड पाडायचा. परत आलेल्या उजेडावरून, सुई न टोचता, अंगात रक्त किती ते कळतं का बघायचं. उमेश टीमचा मदतनीस. आपण जव्हार शहरातले, वडील कचेरीत, असं त्यानं टीमच्या प्रमुख प्राजक्ता मॅडमना ठोकून दिलं होतं.

आई मात्र त्याला बघायला गावाहून, दाभोशाहून, जीपनं आली होती. काखेत फडक्यात बांधलेली भाकर.

"ओळखीच्या आहेत का रे?" मॅडमनी विचारलं.

"नाही," उमेश म्हणाला. "नाव सांगा, बाई."

आईचं हसू तोंडातच राहिलं. "कोंडी," ती म्हणाली.

तिनं हात पुढं केला. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण.

"अरे देवा! ही शाई उजेड गिळते. आकडा चुकणार," मॅडम म्हणाल्या. "मोकळी कातडी शोधावी लागेल."

तोवर उमेशनं आईचा हात उलटा केलासुद्धा. कोपराखाली, आतल्या अंगाला, रुपयाएवढी कोरी जागा होती. जव्हारच्या बाजारात ती गोंदून घेत होती, तेव्हा रक्त बघून मांडीवरच्या उमेशनं रडून आकांत मांडला. ती अर्ध्यावरच उठली. तिथलं फूल आजवर अर्धंच.

"तुला कसं कळलं?" मॅडम चकित.

उमेश यंत्राचं बटण चाचपू लागला.

"सगल्याच बायांचं तिथं मोकलं असतंय, बाय," आईच म्हणाली. "लय दुखतं ना तिथं!"

हिरवा उजेड त्या जागेवर पडला.

"झालं का, साहेब?"

उमेशनं नुसती मान हलवली. आईनं भाकर टेबलावर ठेवली. "खा सगली. उपाशी नका राहू." आणि मागं न बघता गेली.

पुढची रुपी आली. तिनं बाही वर सारली. कोपराखाली, आतल्या अंगाला, नेमकं तिथंच, पाकळी न पाकळी भरलेलं फूल.

मॅडमनी एकदा त्या फुलाकडं पाहिलं, एकदा उमेशकडं. दुपारी सगळे डबे उघडून बसले, तेव्हा त्यांनी ते फडकं मुकाट्यानं त्याच्यापुढं सरकवलं.

उमेशनं गाठ सोडली. नाचणीच्या भाकरीवर आईची बोटं उमटली होती. कुठून मोडावी, ते त्याला कळेना.