पालमला उतरलेलं विमान

माझं नाव कडूबाई. माझ्या आधीची लेकरं जगली न्हाईत, म्हणून आईबापानं मुद्दाम असं नाव ठेवलं. यमाला गोड लागाया नको. नावासारखीच जीभ हाय असं आमच्या पालम गावामधी सगळेच म्हणत्यात. म्हणू द्या, मला काय भोकं पडत न्हाईत. पन ज्या दिवसाचं सांगायलेय त्या दिवशी ही जीभ टाळूला चिकटली होती, एवढं खरं.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या सालची गोष्ट. माघ सरत आलता. गावाला लागूनच माझं दोन एकर वावर हाय, ताटावानी सपाट. त्यात त्या साली जवारी अशी आलती की कणसाच्या भारानं धाटं वाकलेली. अन मी घरात बसलेली, कारण धार काढताना म्हशीनं ढकललं अन उजवा हात मोडला. मालक जाऊन लय वर्सं झाली, लेक सेलूला नांदायली. प्लास्टरातला हात गळ्यात बांधून मी बायायच्या दारोदार फिरले, "चला गं बायांनो, जवारी काढायला." तर ज्याला त्याला आपापल्या जवारीची घाई. "आमचं आटपू द्या काकू, मंग येताव." बरोबर हाय, ज्याचं त्याला. पन वर आभाळ भरून यायलं होतं. गारांचा एक सपाटा बसला की माझी सालभराची भाकर मातीत जाणार होती. मला रातच्याला झोप यीना.

शेजारचं वावर माझ्या दिराचं, मुंजाजीचं. मिलिट्रीत डायवर होता, दिल्लीकडं. पिन्शन घेऊन आला अन बांधावरल्या बाभळीवरून आमचं वाजलं. बाभळ कुणाची, एवढंच. मी चार बोलले, त्यानं दोन ऐकवले, अन तवापासून बोलणं बंद. बांधावर हुभा राहून माझ्या जवारीकडं बघायचा अन मान खाली घालून निघून जायचा. मला वाटायचं, मेला मनातल्या मनात हसायलाय.

तर त्या आयतवारी सकाळी सगळे दिनकररावच्या ओसरीत जमलते. दिनकररावचं खताचं दुकान, अन गावात रंगीत टीव्ही म्हणजे त्याचाच. आयतवारची मालिका म्हणलं की हातातलं काम टाकून लोक यायचे. वरच्या आळीचे ओसरीत, भीमनगरातले अंगणात. दिनकरराव तरणा असताना दोन साल हैद्राबादला राह्यलता, म्हणून हिंदीचा मक्ता त्याच्याकडं. टीव्हीतलं माणूस एक वाक्य बोललं की हा त्याची तीन करून सांगायचा.

त्या दिवशी मालिका लागलीच न्हाई. दिल्लीला कुणी परदेशातला पाव्हणा येणार होता, त्याचं स्वागत दाखवायले होते. लोक कुरकुर करायले. "आम्हाला काय करायचाय पाव्हणा? आमच्याकडं कमी येत्यात का?" तेवढ्यात टीव्हीवरला माणूस एकदम घाबऱ्या घाबऱ्या बोलाया लागला. पाव्हणा गेला बाजूला, अन पडद्यावर नुसतं आभाळ आलं. पांढऱ्या आभाळात एक विमान, चिमणीएवढं, गोल गोल फिरायलेलं.

"गप! गप बसा सगळे!" दिनकरराव उठून हुभाच राह्यला. "विमानाचं चाक अडकलंय. खाली यीना झालंय. सव्वाशे मानसं हायत आतमधी. तेल संपवायला घिरट्या घालायलंय. तेल संपलं की..."

"की काय?" मी इचारलं.

तेवढ्यात टीव्हीवाला बोलला, अन ते आम्ही सगळ्यांनी आपल्या कानानं ऐकलं, हिंदी येवो न येवो. "विमान करीब दो घंटे में पालम पर उतरने की कोशिश करेगा।"



"पालम?" अंगणातून सुलाबाई म्हणली. भीमनगरातली, माझ्याच वयाची, बोलायला माझ्याहून एक पाऊल पुढंच. "अगं माय! आपल्या पालमला?"

"मंग पालम काय गल्लोगल्ली हायत का?" दिनकरराव खेकसला. "रोज सकाळी आपल्या डोक्यावरून विमान जातं का न्हाई? हैद्राबादचं? तेच हे. मधीच बिघडलं, आता जवळ उतरणार."

अन खरंच जातं हो. रोज सकाळी आभाळात पांढरी रेघ वढत जातं, आमची लेकरं त्याला टाटा करत्यात. त्या दिवशी ढगात काय दिसणार? त्यात नेमकं लांब गडगडलं. "आलं! आवाज आला!" म्हणून अर्धं अंगण रस्त्यावर पळालं. मी सुदिक वर बघून हात जोडले, एकच हात होता तरी.

"उतरंल कुठं?" कुणीतरी इचारलं. "माळावर?"

तवा मुंजाजी बोलला. खांबाला टेकून बसलता, इतका वेळ तोंडातून चकार शब्द न्हाई. "माळावर दगडं हायत. चिंधड्या होतील. सपाट वावर गावाजवळ एकच हाय." अन जरा थांबून म्हणला, "आमच्या वैनीचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्सं तोंड उघडलं न्हाई, अन उघडलं ते माझं वावर दाखवायला! "तुमचं वावर काय डोंगरावर हाय का?" मी म्हणलं. "त्यातली जवारी तर काढून झाली तुमची!"

"माझ्या वावरात हिर हाय," तो दुसरीकडंच बघत म्हणला. "विमान हिरीत घालायचंय का?"

आता सगळे माझ्याकडं बघायले. मी टीव्हीकडं बघितलं. ते विमान तसंच फिरायलं होतं, गरीब बिचारं, घर सापडत न्हाई असं. आत लेकरं असतील, कुणाची म्हातारी असंल, कुणी लेकीला भेटायला निघालं असंल. मला माझी सेलूची लेक आठवली अन डोळं भरलं. जवारी काय, पुढल्या साली पेरता यील.

"जाऊ द्या जवारी," मी म्हणलं. "मानसं जगली पायजेत. तुडवा."

"तुडवून भागत न्हाई," मुंजाजी उठला. एकदम मिलिट्रीतला माणूस झाला बघा, पाठ ताठ, आवाज खडा. "हुभ्या न्हाईतर पडल्या पिकात चाक गुरफटतं. बुडापासून काढावी लागंल. इळे आणा सगळ्यांनी! पेंढ्या बांधायच्या, सुट्टं एक धाट राहता कामा नये, पंख्यात जातं. अन वावरात ढीग न्हाई करायचा, विमानातल्या तेलानं आग लागती. गाड्या जुपा. सगळ्या पेंढ्या वैनीच्या पत्र्याखाली न्या. चला, वेळ न्हाई!"

अन गाव पळालं. खोटं सांगत न्हाई, ज्या बाया महिनाभर "आटपू द्या काकू" म्हणत होत्या त्या पदर खोचून इळे घेऊन पळाल्या. भीमनगरातली मानसंबी निघाली. नामांतराच्या दंगलीपासून त्यायनी आमच्या शिवारात पाय टाकला नव्हता, अन त्यायचं बरोबरच होतं. त्या साली वरच्या आळीनं काय काय केलं ते मी डोळ्यानं बघितलंय. पन सुलाबाई माझ्या समोरून जाताना म्हणली, "कडूआक्का, तुज्यासाठी न्हाई चालले. त्या विमानातल्यांसाठी चालले." मी म्हणलं, "जा गं माय. कुणासाठी का हुईना, जा."

ओसरीत राह्यलो आम्ही हातपाय मोडके. मी, दोन-चार म्हाताऱ्या, अन दिनकरराव. त्याला टीव्ही सोडून जाववंना. म्हणला, "हितून खबर देणारं कुणी पायजे." मोठा कंट्रोल रूमच लागून गेला.

मी टीव्हीसमोर बसले. विमान फिरायलंय, फिरायलंय. मधीच टीव्हीवर मुंग्या यायच्या, दिनकरराव अँटेना हलवायला पळायचा अन छतावरून ओरडायचा, "आलं का?" "आलं! दिसायलंय!" म्हाताऱ्या जपायल्या होत्या. पार्वतीबाईनं तर टीव्हीला हळदकुंकू लावलं. मी तिला हसले न्हाई, एरवी सोडलं नसतं. माझं सगळं ध्यान त्या विमानात. देवा, जवारी घेतलीस ते घेतलीस, आता ह्यायला तरी सोड.

मंग विमान खाली यायला लागलं. मोठं मोठं होत गेलं. खिडक्या दिसायल्या. टीव्हीवाल्याचा आवाज बसला. दिनकरराव रस्त्यावर जाऊन वावराकडं ओरडला, "बाजूला व्हाऽऽ! यायलंयऽऽ!" तिकडं सगळे बांधापल्याड जाऊन आडवे झाले असं मागून कळलं.

विमानाचं पोट भुईला टेकलं. ठिणग्याच ठिणग्या! पार्वतीबाईनं डोळे मिटले, मला मिटवंना. घासत गेलं, घासत गेलं, धुराळा, धूर, अन एका अंगावर कलून थांबलं. लाल गाड्या पळत आल्या, फेसाचं पाणी मारायल्या. दारातून रबरी घसरगुंडी खाली पडली, अन मानसं घसरत यायली, एकामागं एक. एक म्हातारी आली, काखंत पिशवी घट्ट धरलेली. खाली उतरल्यावर आधी तिनं पदर सावरला, मंग रडली. मी बी रडले. आम्ही सगळ्याच रडलो, एकमेकीच्या गळ्यात पडून. वाचले हो, सगळे वाचले!

डोळे पुसले अन मंग माझ्या ध्यानात आलं. पडद्यावर डांबर होतं. लांबच्या लांब काळं डांबर, त्यावर पांढरे पट्टे, मागं मोठाल्या इमारती.

"दिनकरराव," मी म्हणलं, "माझ्या वावरात डांबर कवा टाकलं?"

दिनकररावनं पडद्याकडं बघितलं. त्याच्या जल्मात पहिल्यांदा त्याला हिंदी कळलं असंल. "कडूबाई," तो म्हणला, "दिल्लीला बी एक पालम हाय वाटतं."

मी गळ्यातला हात सांभाळत वावराकडं निघाले. जाऊन बघते तर काय! दोन एकर वावर कसं साफ, नुकती हजामत केल्यासारखं. शेवटली बैलगाडी पेंढ्या घेऊन माझ्या घराकडं चाललेली. अन सारं गाव बांधावर माना वर करून ढगात बघायलेलं.

"उतरलं!" मी वरडले. "सगळे वाचले!"

"कुठं उतरलं?" सुलाबाई म्हणली. "आमाला दिसलं न्हाई."

"पालमला."

"मंग हे काय हाय?"

"हे बी पालमच. ते दिल्लीचं पालम."

मंग सुलाबाईनं हातातला इळा खाली टाकला अन अशी हसली, अशी हसली की भुईवरच बसली. मंग सगळेच. पोट धरधरून हसले लोक. वरच्या आळीचे, भीमनगरातले, एकमेकाच्या पाठीवर थापा मारत. दिनकरराव आला तर "आले, पायलट आले!" म्हणून गलका झाला. आजबी त्याला पायलटच म्हणत्यात, दुकानाच्या पाटीवर तेवढं लिहायचं राह्यलंय.

लोक पांगले. मुंजाजी एकटाच मागं राह्यला, खाली पडलेली कणसं येचून पोत्यात भरत. मी त्याच्याकडं बघत राह्यले. बुडापासून काढा. पेंढ्या बांधा. वैनीच्या पत्र्याखाली न्या. डोक्यात एक एक गोष्ट जाग्यावर बसायली.

"भावजी," मी म्हणलं. इतक्या वर्सांनी तो शब्द तोंडातून निघाला तवा माझा मलाच वेगळा वाटला. "तुमी दिल्लीला नेमके कुठं होतात?"

तो कणसं येचतच राह्यला. "पालमला," तो म्हणला. "विमानतळाच्या भिताडाला लागून आमची बराक होती. गावात कुणाला सांगितलं न्हाई. लोक म्हणले असते, मुंज्या पालम सोडून गेलाच न्हाई."

"मंग दिनकररावला का बोलला न्हाईत?"

"बोललो असतो तर जवारी कुणी काढली असती?" पोत्याचं तोंड बांधून त्यानं ते खांद्यावर घेतलं. "म्या एकटा काढाया आलो असतो, तर तुमी वावरात पाय टाकू दिला असता का? चला वैनी, गारा पडतील."

मला बोलायचं होतं. लय बोलायचं होतं. पन ही जीभ, सगळ्या गावाला सोलून काढणारी, टाळूला चिकटली ती चिकटलीच. घर आल्यावर कशीबशी सुटली. "जेवून जावा," मी म्हणलं. "पन भाकर तुमालाच थापावी लागंल. माझा हात असा."

"मिलिट्रीत लय थापल्यात," तो म्हणला अन परातीपुढं बसला.

अन मंग गारा पडल्या. पत्र्यावर असा ताशा वाजला की एकमेकाचं ऐकू यीना. पत्र्याखाली माझ्या पेंढ्या कोरड्या ठणठणीत, आढ्यापातूर. चुलीपुढं माझा दीर भाकरी थापायलेला. जाड झालत्या, कडा फाटलेल्या, एक बाजू करपलेली. मी नाव ठेवलं न्हाई. दोन खाल्ल्या, अन तिसरी मागितली.