काव्विक घरी आले

अलास्काच्या उत्तर टोकावरच्या उत्कियाग्विक गावाला रस्ता जात नाही. येणारा आकाशातूनच येतो. मॅबेलचे यजमानही मृत्यूनंतर वीस वर्षांनी तसेच आले: पाठीवर पिशवी, नाकात चमकी आणि ऐन मार्चमध्ये पायांत धावण्याचे कापडी बूट.

"अहो, हे काय घातलंय पायात?" विमानतळाच्या दारातच मॅबेल कडाडली. "बोटं गळून पडतील! इतक्या वर्षांनी घरी यायला सुचलं, ते असं?"

विशीतली ब्रिन गोंधळून मागे पाहू लागली. मागे कोणी नव्हते.

ब्रिन ही मॅबेलच्या भाचीची मुलगी. मॅबेलचा नवरा गेला आणि महिन्याच्या आत ही दूर अँकरेज शहरात जन्मली. तेव्हा मॅबेलने फोनवरून तिला त्याचे नाव दिले, काव्विक. ज्याला नाव मिळाले त्याच्यात माणूस परत येतो, ही गोष्ट त्या गावात कोणाला सिद्ध करावी लागत नाही. मुलीच्या देहात नवरा कसा येईल, असे विचारणारा एखादा तर्कपंडित निघेलच. पण त्याने आधी हे सांगावे की, तसल्या थंडीत एक चांगले नाव उघड्यावर किती दिवस ठेवता येते. ब्रिनला ही रीत ऐकून ठाऊक होती. मात्र ऐकणे वेगळे, आणि सत्तरी उलटलेल्या बाईने चारचौघांत 'अहो' म्हणणे वेगळे.

मॅबेलने तिला बोलावले होते ते केवळ भेटीसाठी नव्हे. काव्विकची उमियाक, म्हणजे देवमाशाच्या शिकारीची कातडी नाव, आजवर मॅबेलचा दीर चालवीत आला होता. आता त्याची दृष्टी मंदावली, आणि मॅबेलचे दोन्ही मुलगे नावेवर हक्क सांगू लागले. त्या भांडणापायी गेल्या वसंतात नाव ती ठेवायच्या लाकडी मांडवावरून खाली उतरलीच नाही. यंदा सीलची कातडी मुरून तयार होती, शिवणाऱ्या बायका सुया परजून बसल्या होत्या. दोन दिवसांत सांगाड्यावर कातडे चढले नाही, तर हाही वसंत कोरडा जाणार होता. गावाने मॅबेलकडे पाहावे, आणि मॅबेलने कोणाकडे? एकाला नाव दिली की दुसरा तिच्या घरी जेवायला येणे बंद करील, हे ती जाणून होती. म्हणून तिने जाहीर केले, "ज्याची नाव त्यालाच विचारा. ते गुरुवारी येताहेत." संसारातल्या प्रत्येक अवघड प्रसंगी हे गृहस्थ नेमके घराबाहेर असत, या खेपेस मात्र त्यांना निसटू द्यायचे नाही, असा तिचा पण होता.

जेवायला कॅरिबू हरणाचा रस्सा होता आणि देवमाशाची चरबीसह गोठवलेली कातडी, पातळ कापलेली. टक्कल पडलेला धाकटा वेस्ली पळी घेऊन अदबीने वाकला.

"बाबा, आणखी वाढू?"

"बाबा, त्याच्या पळीला भुलू नका," थोरला एल्मर म्हणाला. "मला खांद्यावर बसवून बर्फावर हिंडवायचात, आठवतंय ना?"

ब्रिनने एल्मरचा घेर न्याहाळला. "तुम्हाला? आणि मी जिवंत राहिले?"

"नाही ना राहिलात!" वेस्ली म्हणाला.

मॅबेल हसता हसता ठसकली. मग तिने वाडगा बाजूला सारला. "अहो, पुरे झाली थट्टा. नाव कुणाची ते सांगा."

"थोरल्याची. यात सांगायचं काय?" एल्मर म्हणाला.

"थोरला म्हणे! पायाखाली बर्फ फाटला तेव्हा याला भेग दिसली नाही. माझी टोपी दिसली म्हणून वाचला."

"टोपी दिसली, कारण तू नेहमीसारखा माझ्यापुढे घुसला होतास!"

"मग घुसलो म्हणून वाचलास ना? आभार मान!"

"बाबा, ऐकताय ना याचं?"

"बाबा, तुम्हीच बोला आता!"

दोन पन्नाशीचे पुरुष टेबलावरून पुढे झुकून ब्रिनच्या तोंडाकडे पाहत होते. तिचे कान लाल झाले. ती उठली आणि दाराजवळचे जे हाताला लागले ते मोठे बूट पायांत चढवू लागली.

"मी... जरा बर्फ बघून येते."

वेस्लीच्या पळीतून रस्सा टेबलावर ओघळला, तरी त्याला भान नव्हते.

कारण मुलांची लग्ने असोत की कुत्र्याची खरेदी, वाद रंगात आला की काव्विक टोपी उचलीत आणि नेमके हेच म्हणत; आणि मॅबेलने काय ते ठरवल्यावर शीळ घालीत परत येत. हे ब्रिनला कोणीही सांगितलेले नव्हते. कोणी याला योगायोग म्हणेल; म्हणो बापडा.

"आई!" एल्मर ओरडला. "हे बाबाच आहेत गं!"

आणि सगळे एकदम खदखदून हसले. तोवर ब्रिनमागे दार आपटले होते.

"अहो, थांबा! एकट्याने कुठे निघालात? अस्वलं आहेत बाहेर!"

पुढे ब्रिन, मागे अंगात पार्का, म्हणजे फरचा जाड कोट, कोंबणारी मॅबेल, तिच्यामागे बंदूक घेतलेला एल्मर आणि पळीसकट वेस्ली, अशी वरात किनाऱ्यावर पोहोचली. समोर गोठलेला समुद्र गुलाबी उन्हात निवांत पसरला होता.

"आजी, खरं सांगू? मला यातलं काही कळत नाही," ब्रिन म्हणाली. "पण मी गेल्यावर नावेची कातडी कुणी शिवली? माणसांना जेवू कुणी घातलं?"

"कोण घालणार? मीच."

"आणि देवमासा मिळाला की गाव जेवतं ते कुणाच्या दारात?"

"माझ्याच. देवमासा आपणहून येतो तो घरच्या बाईचा उदारपणा बघून, नावाड्यांची मिशी बघून नव्हे."

"मग नाव माझी कशी? मी तर इथे नव्हतेच!"

"होतात कधी?" मॅबेल फणकारली. "जिवंत होतात तेव्हाही बर्फच बघत होतात!"

आणि बोलता बोलताच तिच्या ध्यानात आले की, या माणसाने पुन्हा एकदा निर्णय तिच्याच पदरात टाकला आहे. तिला रागही आला आणि कित्येक वर्षांत झाला नव्हता असा आनंदही झाला. ती वळली.

"नाव माझी. मी जिवंत आहे तोवर मीच मालकीण. एल्मर मागे सुकाणूवर, वेस्ली पुढे भाल्यावर. तसाही तो पुढेच घुसतो. ज्याला पटत नसेल त्याने आत्ता सांगावं, आणि उद्यापासून आपलं आपण रांधून खावं."

भावांनी एकमेकांकडे पाहिले.

"उद्या काय आहे जेवायला?" एल्मरने विचारले.

"बदकाचं सूप."

"मग मला पटलं," वेस्ली म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका कातड्यांभोवती दाटीने बसल्या. वासाने ब्रिनचे डोळे पाणावले. तरी कॅरिबूच्या स्नायुतंतूचा धागा ओवून तिने एक शिवण घातली. मॅबेलने ती उजेडाकडे धरली आणि सगळ्यांना दाखवली.

"बघा गं बायांनो! अहो, यातून सगळा समुद्र आत येईल. उसवा!"

बायका हसल्या. ब्रिनही हसली, सुई पुन्हा हाती घेत म्हणाली, "उसवतो गं. ओरडू नकोस."

मॅबेलने आपले आसन थोडे पुढे ओढले आणि शिवण कशी धरावी ते यजमानांना पहिल्यापासून शिकवू लागली.