करिंथची तालीम

परदेशी टूरची तालीम घेणारा माणूस अख्ख्या अबुधाबीत एकच होता, आणि तो म्हणजे सदानंद. नाटकाची तालीम असते, लेझमाची असते. सहलीची तालीम म्हटलं की नवखा माणूस आधी हसायचा. सदानंदला त्याचं काही वाटत नसे. हमदान स्ट्रीटवरच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत तो मराठी ग्रुप टूर बघायचा, आणि त्याचा अनुभव असा की आपली माणसं परदेशात हरवतात ती रस्ता चुकून नव्हे, फोटो काढता काढता. म्हणून दर टूरच्या आधी एका शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुटीच्या दिवशी, तो सगळ्या ग्रुपला बसमध्ये घालून दिवसभर कुठेतरी न्यायचा. कोण सावकाश चालतं, कोणाला बस लागते, कोण खरेदीला चिकटतं, हे तिथेच कळायचं. वर, टूरमधल्या एकेका ठिकाणाचं नाव तो तालमीतल्या एकेका थांब्याला द्यायचा. फुजैराच्या वाटेवरच्या टेकडीला त्याने एकदा आल्प्स केलं होतं आणि अल ऐनच्या प्राणिसंग्रहालयाला केनिया. लोक थट्टा करायचे आणि झाडून सगळे यायचे.

त्या सगळ्या तालमींमधली एकच आता सदानंदच्या मनात घर करून आहे. मधे इतकी वर्षं गेली, तरी खलिफा सिटीतल्या गॅलरीत संध्याकाळी चहा घेताना ती आठवली की तो एकटाच हसतो.

ती ग्रीसची तालीम.

ग्रीसची टूर त्याने स्वतः बांधली होती. अथेन्सचा अक्रोपोलिस, डेल्फीचा डोंगरउतार, एपिडॉरसचं दगडी नाट्यगृह, सुळक्यांवर बसलेले मेटेओराचे मठ, सँटोरिनीचा सूर्यास्त आणि करिंथ. तो स्वतः ग्रीसला कधीच गेला नव्हता. आजवर त्याने दुसऱ्यांनाच पाठवलं. या खेपेला मात्र टूर लीडर म्हणून कंपनी त्यालाच पाठवणार होती. ही गोष्ट त्याने कोणापासून लपवली नव्हती, उलट अभिमानाने सांगायचा. २००८चा सगळा उन्हाळा एसीखाली बसून त्याने ग्रीस असा वाचून काढला होता, की बायको मृणालिनी म्हणायची, "अहो, भाजी आणायला जाताय की स्पार्टावर स्वारीला?"

करिंथ मुळात त्याच्या यादीत नव्हतं. ते घातलं बाप्टिस्टमुळे.

बाप्टिस्ट वसईचा. मुसफ्फात एका वर्कशॉपमध्ये तंबू आणि गाड्यांवरच्या कापडी शेड शिवून घेणारा सुपरवायझर, साठीला टेकलेला, आवाज शिलाई मशीनच्या खडखडाटात वाढलेला. त्याची बायको मॉली एका हॉटेलात हाउसकीपिंगला होती. दोघं टूरची चौकशी करायला आले तेव्हा बाप्टिस्टने ना हवामान विचारलं ना जेवण. "करिंथ आहे का?" एवढंच.

"करिंथ साइड ट्रिप होऊ शकते. का हो?"

"अरे, संत पॉल तिथे राह्यला ना! अक्विला आणि प्रिस्किलाच्या घरी. नवराबायको दोघं तंबू शिवणारे, आणि हा त्यांच्याबरोबर बसून शिवायचा. चर्चमध्ये ते वाचन आलं की ही मला कोपर मारते." त्याने मॉलीकडे बोट दाखवलं. "लोक रोमला जातात. आमचा धंदेवाला करिंथला बसला होता. मला ती जागा बघायची आहे, बस."

मॉली हळूच म्हणाली, "यांचं रिटायरमेंट जवळ आलंय. परत गेलो वसईला की मग कुठलं जाणं होतंय?"

सदानंदला ते एकदम पटलं. करिंथ यादीत आलं, आणि त्या दिवसापासून तो बाप्टिस्टशी शब्दाने बांधला गेला.

मग मंदी आली. आधी ती दुबईची आहे, आपली नाही, असं अबुधाबीतले लोक एकमेकांना सांगत होते. नंतर दुबईच्या क्रेन उभ्याच्या उभ्या थांबल्या, विमानतळाच्या पार्किंगमध्ये लोक गाड्या टाकून गेल्याच्या बातम्या कानावर यायला लागल्या, आणि ज्याच्या त्याच्या ऑफिसात एचआरवाली बाई जरा जास्तच गोड बोलायला लागली. सदानंदच्या टेबलासमोर ग्रुपमधलं एकेक जोडपं येऊन बसू लागलं. सगळ्यांचं बोलणं साच्यातून काढल्यासारखं.

पहिला सुजीत आला, बांधकाम कंपनीतला इंजिनिअर. "सदानंद, प्रोजेक्ट होल्डवर गेला रे. आमचं कॅन्सल कर. पण एक कर, बाप्टिस्टला आत्ताच नको सांगू. त्याचा जीव अडकलाय त्या करिंथमध्ये. तालमीला आम्ही येतो. मुग्धाने चकल्यांची भाजणी दळून आणलीय ऑलरेडी."

त्याच्यामागून बाकीचे. तालमीला येतो हं, बाप्टिस्टला वाईट वाटेल. तालमीला येतो, पण तू सांग त्याला, तुझं तो ऐकेल. प्रत्येकाला वाटत होतं की गळालेले आपण एकटेच. फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारपर्यंत ग्रुपमधून कॅन्सल न केलेली माणसं दोनच उरली होती, बाप्टिस्ट आणि मॉली. आणि ही गोष्ट एकट्या सदानंदला ठाऊक होती.

सांगायला नको होतं का त्याने? हवं होतंच. फोन उचलून दोन वाक्यं. पण भीड नावाची जी चीज आपल्या माणसांत आहे ना, ती वाघालाही भिकेला लावेल. त्याने ठरवलं, बसमध्ये चढताना सांगू. मग ठरवलं, चहाच्या थांब्यावर सांगू.

बस सुटली. तालमीची जागा होती शारजाच्या आतल्या भागातलं म्लेहा. ही सदानंदची खास निवड. शारजाच्या म्युझियममध्ये त्याने तिथे सापडलेली नाणी पाहिली होती, सिकंदराच्या नाण्यांवरून बेतलेली. आणि ऱ्होड्स बेटावरून मद्य भरून आलेल्या रांजणांच्या कानांवरचे ग्रीक शिक्के. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीसचा माल या वाळूत उतरत होता, मग ग्रीसची तालीम इथे नाही तर कुठे?

त्या दिवशी बसमध्ये जो अभिनय झाला, त्याला तोड नाही. मुग्धा विचारत होती, "डेल्फीला शाल लागेल की स्वेटर?" सुजीत मेटेओराच्या पायऱ्या मोजत होता. एक बाई तर सँटोरिनीला कुठल्या रंगाची साडी खुलेल यावर शेजारणीशी वाद घालत होती. जी माणसं कुठेच जाणार नव्हती, ती बाप्टिस्टच्या दोन्ही बाजूंनी ग्रीसच्या गप्पांचा रतीब घालत होती. बाप्टिस्टही तेवढ्याच उत्साहाने उत्तरं देत होता, मॉली नव्याकोऱ्या वॉकिंग शूजची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होती. मध्येच सुजीतची मुलगी आभा मोठ्याने म्हणाली, "बट आई, वुई आर नॉट गो..." मुग्धाने तिच्या तोंडात अख्खा रव्याचा लाडू कोंबला. आभा बराच वेळ काही बोलू शकली नाही.

पेट्रोल पंपावरचा चहा म्हणजे अथेन्स एअरपोर्ट. सदानंद कप घेऊन बाप्टिस्टपाशी गेला, तोंड उघडलं आणि म्हणाला, "साखर बरोबर आहे ना?"

"फर्स्ट क्लास," बाप्टिस्ट म्हणाला. त्यालाही काहीतरी सांगायचं असावं असं सदानंदला वाटलं, पण तेवढ्यात ड्रायव्हर लियाकतने हॉर्न दिला. "यल्ला साब, धूप बढेगी!"

म्लेहाला पोचल्यावर लाल वाळूचा चढ झाला डेल्फी. सगळे धापा टाकत वर गेले. समोर फायाचा काळपट डोंगर, मागे उंटांचा कळप, आणि वारा असा गार आणि कोवळा, की डेल्फीतही याहून वेगळा नसेल असं सदानंदला उगाच वाटून गेलं. एका खोलगट जागेला त्याने एपिडॉरस ठरवलं. "खऱ्या नाट्यगृहात मधोमध टाचणी पडली तरी शेवटच्या पायरीला ऐकू येते," तो म्हणाला. मग मॉली खाली उभी राहून हलकेच काहीतरी बोलली. वर कुणालाच काही ऐकू आलं नाही. मग ती ओरडली, तरी वाऱ्याने सगळं पळवलं. "अरे हबीबी, हे एपिडॉरस रिपेअरला काढलंय!" बाप्टिस्ट गरजला, आणि अख्खा ग्रुप पोट धरून हसला. ते हसणं खोटं नव्हतं. सदानंदने हातातली यादी पाहिली. पुढचा थांबा करिंथ होता.

करिंथ म्हणजे कुंपणापलीकडची मातीची एक बुटकी भिंत, जुन्या वस्तीतली उरलेली. सदानंद तिच्यासमोर उभा राहिला. एरवी तो थांब्यावर पाय ठेवताच बोलायला लागायचा. आता तो बॅगेत पाणी शोधू लागला, जे त्याच्या हातातच होतं. बाकीची मंडळी एकाएकी चपलांमधली वाळू झाडायला लागली.

बाप्टिस्ट त्याच्याजवळ आला. "काय रे, करिंथलाच बॅटरी डाउन?"

"बाप्टिस्टभाई," सदानंद म्हणाला, "टूर होत नाहीये."

एकदाचं बाहेर पडलं. वर बघायची त्याची हिंमत होईना.

बाप्टिस्ट कुंपणाला टेकला. मग म्हणाला, "आमची नाहीच होत रे. आमचं शेडचं सेक्शन बंद झालं. कोणाला पार्किंग शेड हवीय आता, गाड्याच नाहीत तर? माझा व्हिसा कॅन्सल झाला. खलास. पुढच्या आठवड्यात आम्ही वसईला जातोय."

सदानंदने मान वर केली. "मग आज आलात कशाला?"

"अरे वा! तू एवढी तयारी केलेली, मुग्धाने एवढं खाणं केलेलं, हे सगळे लोक इतके खूश. आम्ही आधीच सांगितलं असतं तर तुमच्या सगळ्यांच्या आनंदावर पाणी. मॉली म्हणाली, तालमीला जाऊ, परत येताना बसमध्ये सांगू. तुम्ही सगळे जा, मजा करा. आमच्या वाटची एक मेणबत्ती लाव तिकडे, झालं."

"बाप्टिस्टभाई, कोणीच जात नाहीये."

"म्हणजे?"

"एकूण एक कॅन्सल. हे सगळे फक्त तुमच्यासाठी आलेत."

बाप्टिस्टने वळून ग्रुपकडे पाहिलं. ग्रुपने एकमेकांकडे पाहिलं. "तुम्हीपण?" मुग्धा शेजारणीला म्हणाली. "म्हणजे तुम्हीसुद्धा?" शेजारीण म्हणाली. अख्खी बस भरून माणसं, पहाटे उठून, डबे बांधून, दोन तास प्रवास करून वाळवंटात आली होती आणि जी टूर कोणाचीच नव्हती तिची तालीम मन लावून करत होती. कशासाठी, तर दुसऱ्याचं मन मोडू नये! असला वेडेपणा आपलेच लोक करू जाणोत. आधी मॉली हसली. मग बाप्टिस्ट. मग सगळेच, आणि हसता हसता मुग्धाने पदराने डोळे पुसले ते पुसतच राहिली. सुजीत पाठ करून डोंगराकडे बघत होता. कोणाचं घर इथून उठणार, कोणाची मुलं शाळेतून निघणार, हे तोवर कोणी कोणाजवळ बोललं नव्हतं. ते त्या भिंतीपाशी बोलले.

सदानंद म्हणाला, "चला, जेवून घेऊ आणि निघू."

"निघू काय?" बाप्टिस्टने त्याचा दंड धरला. "करिंथ राह्यलंय. सांग."

"आता काय सांगू?"

"बस इथवर आली ना? मग सांग!"

आणि सदानंदने करिंथ सांगितलं. आयुष्यात तो इतकं चांगलं कधी बोलला नव्हता. मागचा उंच खडकाचा डोंगर, त्याच्या पायथ्याचं देऊळ, दोन बाजूंचे दोन समुद्र, बाजारातली गर्दी, खलाशांच्या शिव्या. मग बाजाराच्या कडेचा बोळ, त्याच्यातलं एक दुकान, उंबऱ्याशी पडलेलं जाडंभरडं कापड, आणि आत तिघं जण खाली माना घालून शिवतायत. पुस्तकांत होतं तेवढं संपल्यावर त्याने खुशाल मनचं घातलं. बाप्टिस्टने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. मॉलीने त्याला कोपर मारलं.

त्यानंतर वर्षभरात ग्रुप पांगला. सुजीत-मुग्धा पुण्याला, कोणी कतारला, कोणी कॅनडाला. सदानंदची एजन्सीही मिटली. एका शाळेच्या बसगाड्यांचं काम त्याला मिळालं म्हणून तो राहिला, पण त्याच्या हातून ग्रीस सुटलं ते सुटलंच. रोज मुलांना वेळेवर घरी पोचवणं हे चांगलंच काम आहे, असं तो म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण विमानतळाच्या बाजूने विमान उठलं की अजूनही त्याची मान वर होते.

२०१४च्या वसंतात एका संध्याकाळी फोन वाजला. बाप्टिस्टचा आवाज, तोच, मशीनवर मात करणारा. "सदानंद! ओळख कुठून बोलतोय! करिंथ!"

बाप्टिस्टचा मुलगा डॅरिल अबुधाबीतल्या हॉटेलात नोकरीला लागला होता. त्यानेच आईवडलांना नेलं होतं. सदानंदला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. आणि त्याच्या आत कुठेतरी असं काही दुखलं की तो खुर्चीत खाली बसला. हे पोचले. आपण राहिलो.

"कसं आहे हो?" त्याने विचारलं.

"मोठं आहे. डोंगर आहे, देवळाचे खांब आहेत. पण गाईड बोलतो, तंबूवाल्यांचं दुकान कुठे होतं ते कुणालाच ठाऊक नाही. मी त्याला बोललो, आमच्या माणसाला ठाऊक आहे." पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. "फोन स्पीकरवर टाकलाय. मॉली इथेच आहे. सांग तू."

"अहो, मी तर ते कधी बघितलंसुद्धा नाही, बाप्टिस्टभाई."

"ते आम्ही बघतो. तू सांग."

आत मृणालिनीने चालू असलेला मिक्सर बंद केला. समोर खलिफा सिटीच्या पिवळट भिंती, विजेचे खांब, शेजारच्या व्हिलाच्या दारातली खजुराची झाडं. सदानंद उठून उभा राहिला. बसून त्याने कधीच टूर सांगितली नव्हती.

"पाठ डोंगराकडे करा," तो म्हणाला.

"केली."

"आता खांब डाव्या हाताला ठेवून सरळ चाला. पुढे बोळ लागेल..."

"जरा सावकाश सांगा, भावजी," मॉली मध्येच म्हणाली. "डॅरिल पहिल्यांदाच ऐकतोय."

सदानंदने बोलणं सावकाश केलं, आणि सगळ्यांना म्हणाला की दगड घसरडे आहेत, जपून या.