खुशालरावांच्या चाळण्या

दाळमिलवाले खुशालराव अकोल्याहून दर्यापूरला अपेक्षाच्या वर्कशॉपवर स्वतः आले, तेव्हाच तिने ओळखलं की पाणी कुठेतरी मुरतंय. सहा वर्षं ती त्यांच्या मिलच्या मशीनांना लोखंडी चाळण्या पुरवत होती आणि एवढ्या काळात हा माणूस एकदाही तिच्या दारात आला नव्हता. खेटे घालायचे ते तिनेच. ऑगस्टच्या बिलाचं विचारलं की दिवाळी, दिवाळीत विचारलं की संक्रांत. आता होळीही होऊन गेली होती आणि चार लाख ऐंशी हजार जिथल्या तिथे होते. पत्रेवाल्याने उधारी बंद केली होती, दोन कारागिरांचा महिन्याचा पगार थकला होता. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर वर्कशॉपला कुलूपच लागलं असतं.

खुशालरावांनी चहा घेतला, तिच्या वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि मग पोटातलं ओठावर आणलं. आयकराचा नियम यंदापासून बदलला होता. लहान कारखानदाराचा माल घेतला की पंधरा दिवसांत, लेखी करार असला तर पंचेचाळीस दिवसांत पैसे चुकते करायचे. मुदत टळली आणि मार्चअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर तो खर्च यंदाच्या उत्पन्नातून वजा होणार नाही, उलट त्यावर कर बसेल. अपेक्षाचे पैसे बुडत होते तेव्हा त्यांची झोप उडाली नव्हती, ती आता उडाली होती.

यावर त्यांनी उपायही आणला होता. अपेक्षाने लघुउद्योगाची नोंदणीच रद्द करायची, म्हणजे नियम लागू होण्याचा प्रश्नच मिटला. तिने सरळ नाही म्हटलं. त्याच नोंदणीवर तिला बँकेचं कर्ज मिळालं होतं. मग खुशालरावांनी खिशातून एक कागद काढला. मुनिमाने टाईप केलेला, शिक्का मारलेला: सदोष असल्याने सर्व चाळण्या परत. एप्रिलच्या एक तारखेला तिने त्याच चाळण्यांचं नवं बिल फाडायचं, म्हणजे यंदाचं देणं उरलंच नाही, की झालं.

"सगळेच करून राह्यले, पोरी," ते म्हणाले. "तुले जमत नसन तं पुढच्या वर्षी मी नागपूरहून चाळण्या आणतो."

अपेक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या चाळणीला सदोष म्हणणारा आजवर कोणी जन्मला नव्हता. पण तिने कागदावर त्यांची सही घेतली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि त्यांना गाडीपर्यंत सोडून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती टेम्पो घेऊन अकोल्याला मिलच्या फाटकात उभी होती. सोबत तिचा कारागीर नितेश, त्याच्या हातात पान्यांची पिशवी. तुरीचा हंगाम, दोन पाळ्यांत मिल धडधडत होती. तिने मुनिमाला कागद दाखवला, पहिलं मशीन बंद करायला लावलं आणि नितेशने बोल्टला पाना लावला. मालकाची सही पाहून अडवायला कोणी धजेना.

खुशालराव ऑफिसातून धावतच आले.

"हे काय करून राहिली तू?"

"तुमीच तं परत केल्या, काका. मी न्याले आली."

"अवं, मिल बंद पडन. ते फक्त कागदावरचं होतं."

"माह्या वर्कशॉपात कागदावरचं काईच बनत नाई. लोखंडाचं बनते."

खुशालरावांनी बंद मशीनकडे पाहिलं, मग बाहेर तुरीची पोती घेऊन उभ्या ट्रककडे पाहिलं. तिथेच मुनिमाला हाक मारली. दुपारी एकच्या आत अपेक्षाच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला, पूर्ण चार लाख ऐंशी हजारांचा. तिने तो परतीचा कागद फाडून त्यांच्या टेबलावर ठेवला.

"पुढच्या वर्षी नागपूरहूनच आणतो," ते कुरकुरले.

"आणा जी. फक्त त्याईची नोंदणी आहे का नाई, तेवढं पाहून घेजा."

नितेशने ढिले केलेले बोल्ट पुन्हा आवळले, मशीन सुरू झालं. अपेक्षाने पर्समधून बिलबुक काढून तिथेच बिल फाडलं: चाळणी बसवण्याची मजुरी, सहाशे रुपये. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, मुदत पंधरा दिवस.