पाण्यात अहो-जाहो नाही

सासूबाई नोकरीतून निवृत्त झाल्या आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या इमारतीच्या दुरुस्तीचं काम निघालं. जिन्यात सिमेंटची पोती आली, खिडक्यांवर ताडपत्री आली, दिवसभर हातोडे सुरू झाले. लेकीने फोनवर फर्मावलं, "बॅग भर आणि इकडे ये. वाद नको." सासूबाईंनी वाद घातला नाही. उभा जन्म शहराच्या बसवर ड्रायव्हर म्हणून गेलेला. रस्ता बंद असला की वळसा घ्यायचा, त्यात कसला आलाय मानापमान, हे अंगात मुरलेलं होतं.

लेकीचं घर समुद्राला लागून. लेक इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स. भल्या पहाटे जायची ती दिवेलागणीला यायची. म्हणजे दिवसभर घरात उरायचे सासू आणि जावई, आणि अवघड होतं ते हेच.

जावई सर्फिंग शिकवायचा. तळमजल्यावरच त्याचं दुकान होतं. भिंतीशी उभे केलेले रंगीत बोर्ड, बोर्डांना चोळायच्या मेणाचा गोडसर वास, कोपऱ्यात मोडके बोर्ड ठेवून घासायची घोडी, आणि सगळीकडे वाळू. सासूबाईंच्या लेखी हे काही काम नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा त्या लेकीला म्हणाल्या होत्या, "लाटा आपल्या येतात आणि आपल्या जातात. त्यात शिकवायचं काय?" लेकीने हे नवऱ्याच्या कानावर घातलं होतं. नवऱ्याने आपल्याला माहीत असल्याचं दाखवलं नव्हतं. पण सासूबाईंनी ते ओळखलं होतं. त्यामुळे दुपारी टेबलावर असं चालायचं:

"भाजी वाढू का, आई?"

"घेतली मी. तुम्ही घ्या, जावईबापू."

"मीही घेतली."

मग दोघं आपापलं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवायची.

वेळापत्रकावर जगलेल्या माणसाला रिकामा दिवस खायला उठतो. आठवडाभरात सासूबाईंनी घरातली सगळी कपाटं लावून टाकली, दुकानातल्या दोऱ्यांचा गुंता सोडवला, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून किनाऱ्यावर जाऊन बसल्या. नारळीच्या सावलीत बसून त्यांनी जावयाचा वर्ग पाहिला. घरात शब्द गिळून गिळून बोलणारा हा माणूस पाण्यात शिरला की निराळाच होत होता. आवाज किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायचा. पंधरा जण पाण्यात असले तरी कोण कुठे आहे ते त्याला पाठीलाही दिसायचं. असं सगळीकडे लक्ष ठेवणारी माणसं सासूबाईंनी डेपोत फार थोडी पाहिली होती. त्यांनी मनातल्या मनात त्याला थोडे गुण दिले, पण बोलून दाखवलं नाही.

एकदा वर्ग सुटल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. "जावईबापू, इकडे लाटा फुटतात, तिकडेही फुटतात. मधल्या त्या पट्ट्यात पाणी कसं निवांत आहे. नवख्यांना तिथे का नाही नेत?"

जावई बोर्ड काखेत धरून थांबला. घरात त्याला एवढा लांब प्रश्न कोणी विचारला नव्हता. "आई, तीच जागा वाईट आहे. दोन्हीकडे पाण्याखाली वाळूचे उंचवटे आहेत. लाट त्यांना अडखळते आणि फुटते. मग किनाऱ्याला आलेलं ते सगळं पाणी परत जायला वाट शोधतं. मधला पट्टा म्हणजे ती परतीची वाट. निवांत दिसतं म्हणून लोक तिथेच उतरतात, आणि पाणी त्यांना घेऊन जातं."

"म्हणजे वन-वे."

जावई हसला. "वन-वेच. आणि माणूस घाबरून उलट पोहायला लागतो. पाणी काही दमत नाही, माणूस दमतो."

"आणि सापडलंच कोणी तर?"

"वन-वेत चुकून शिरलात तर तुम्ही काय कराल?"

"आहे त्या दिशेने जाईन आणि पहिला फाटा मिळाला की वळेन."

"बस. तेवढंच करायचं." मग म्हणाला, "आम्हाला लाटांच्या पलीकडे जायचं असलं की आम्ही मुद्दाम त्याच वाटेने जातो. फुकटची बस आहे ती."

त्या घरात आल्यापासून सासूबाई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लांब बाह्यांचा टीशर्ट आणि लेकीची जुनी व्यायामाची तुमान घालून दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या. "मला एक बोर्ड द्या."

"आई, गुडघे..."

"गुडघे क्लच दाबून दाबून कमावलेत. पोहायला नदीत शिकलेय. आणखी काही?"

आणखी काही नव्हतं. जावयाने सगळ्यात लांब, सगळ्यात मऊ बोर्ड काढला, त्याची दोरी त्यांच्या घोट्याला बांधली आणि कंबरभर पाण्यात नेलं.

पोटावर आडवं होऊन फेसाबरोबर घसरत येणं सासूबाईंना पहिल्याच दिवशी जमलं. हातांनी वल्हवणंही जमलं; जड स्टिअरिंग फिरवलेले खांदे होते ते. अडलं ते उभं राहायला. लाट मागून यायची, बोर्ड उचलला जायचा, जावई अदबीने म्हणायचा, "आई, आता उठता का?" आणि सासूबाई एक पाय पोटाखाली घेईपर्यंत लाट वाळूवर पसरलेली असायची. घाई केली तर तोंडावर आपटायच्या. नाकात पाणी, कानात वाळू, कोपर सोललेलं. कोपऱ्यावरचा औषधवाला पट्टी देताना म्हणाला, "या वयात कशाला हे उद्योग?" सासूबाई म्हणाल्या, "पट्टी मोठी द्या. उद्याही लागणार आहे."

रात्री लेक विचारायची, "दिवसभर काय केलंत दोघांनी?" दोघं म्हणायची, "काही नाही." लेक थिएटरमध्ये हातापायांची मोडतोड रोज बघायची, तिला सांगणं म्हणजे उद्याचा वर्ग बंद. अशी ही सासू-जावयाची पहिली भागीदारी जमली.

मग एक सकाळ अशी आली की लाटा छान ओळीने येत होत्या. एक गुबगुबीत फेसाळ लाट आली, बोर्ड सुटला, सासूबाईंचे हात नेमके छातीखाली होते, आणि जावई भान विसरून ओरडला, "ऊठ!"

सासूबाई उठल्या. कशा उठल्या ते त्यांनाही कळलं नाही. दोन्ही पाय बोर्डवर, गुडघे वाकलेले, समोर किनारा येतोय. त्या सरळ वाळूपर्यंत आल्या आणि बसच्या पायरीवरून उतरावं तशा ऐटीत खाली उतरल्या.

मागून जावई धावत आला. चेहरा पडलेला. "आई, माफ करा. तोंडातून निघून गेलं. मी तुम्हाला अरे-तुरे..."

"अगं-तुगं," सासूबाईंनी दुरुस्ती केली. "ऐका, जावईबापू. तुमचं 'आता उठता का' संपेपर्यंत लाट गेलेली असते. पाण्यात अहो-जाहो नाही. कोरडं झालं की पुन्हा आई आणि जावईबापू. कबूल?"

"कबूल."

"मग चल, दुसरी लाट येतेय."

तेव्हापासून समुद्रात 'तू' आणि किनाऱ्यावर 'तुम्ही'. हळूहळू सासूबाई त्या परतीच्या वाटेने फेसाच्या पलीकडेही जायला लागल्या. तिथे लाट फुटायच्या आधी नुसती फुगून येते. त्या तिथे बोर्डवर बसून राहायच्या आणि बघायच्या. न फुटलेली लाट घेणं अजून जमलं नव्हतं. पण जमेल, यात त्यांना शंका नव्हती. बसही काही पहिल्या दिवशी हाती मिळाली नव्हती.

त्या दिवशी समुद्र चढलेला होता म्हणून जावयाने वर्ग ठेवला नव्हता. बांधाशी बसून तो एका बोर्डच्या तळाचा निखळलेला पंख बसवत होता, आणि सासूबाई त्याला स्क्रू देत होत्या. किनाऱ्यावरच्या पाटीवर लिहिलं होतं पोहू नका म्हणून. तरी एक नवरा-बायको, कुठून तरी सुट्टीला आलेली, उतरली. अर्थात त्या निवांत पट्ट्यातच उतरली. सासूबाईंनी मान वर केली तेव्हा दोन डोकी कंबरेच्या पाण्यात होती. पुन्हा वर केली तेव्हा ती कुठल्या कुठे गेली होती, आणि एकमेकांपासूनही लांब.

"जावईबापू."

त्यानेही पाहिलं होतं. नवरा बराच आत, हात वर करत होता. बायको अलीकडे, किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने पोहत होती आणि तसूभरही पुढे येत नव्हती. जावयाने दोन्ही डोक्यांमधलं अंतर नजरेने मोजलं. एकटा दोघांकडे पोचणार नव्हता. किनाऱ्यावर दुसरं कोणी नव्हतं.

"तो लांब आहे, त्याच्याकडे मी जातो," तो म्हणाला. पाय अजून कोरडे होते तरी म्हणाला, "तू त्या बाईकडे जा. लांबचा बोर्ड घे. वाटेशी भांडू नकोस. तिला बोर्ड आधी दे, हात नको देऊस. मिठी मारेल आणि दोघी जाल."

सासूबाईंनी घोट्याला दोरी बांधली. बोर्ड उचलला आणि निघाल्या.

पाण्याने त्यांना अलगद उचलून नेलं. दोन्हीकडे लाटा धडाधड फुटत होत्या, त्यांच्या डोक्याहून उंच, आणि मधून ही वाट निमूट आत चाललेली. सासूबाईंचे हात चालू राहिले. एकदा भर गर्दीत बसचा ब्रेक निकामी झाला होता तेव्हाही हातांनी असंच आपलं काम केलं होतं.

बाई तोपर्यंत पोहायची थांबली होती. तोंड पाण्याच्या वर, डोळे मोठे. सासूबाईंनी बोर्डवरून उतरून तो आपल्या आणि तिच्या मधे आडवा घातला. "धर. दोन्ही हातांनी. माझ्याकडे बघ, किनाऱ्याकडे नको."

"माझा नवरा..."

"त्याला माझा जावई आणतोय. तो त्याला घेतल्याशिवाय येत नाही. तू चढ वर. पोट टेक. पुढे सरक, पुढे जागा आहे."

आवाज ड्रायव्हरचा होता. गच्च भरलेल्या बसमध्ये या आवाजाने माणसं पुढे सरकायची, बाईही सरकली. सासूबाई मागून चढल्या. दोघींच्या वजनाने बोर्ड जरा बुडला, पण तरंगत राहिला. किनारा लांब लांब जाऊ लागला तशी बाई रडायला लागली. "आपण आत चाललोय."

"जाऊ दे. पुढे या ओढीचा जोर संपतो. मग वळायचं."

आणि खरंच, लाटांच्या पलीकडे पोचल्यावर ओढ ढिली झाली. पाणी नुसतं वरखाली होत होतं. पलीकडे जावई दिसला. बोर्डवर आडवा घातलेला तो नवरा, आणि हा पाण्यातून त्याला ढकलत बाजूला नेतोय. त्याने हात वर केला. सासूबाईंनीही केला. मग त्या वल्हवत उंचवट्याच्या बाजूला गेल्या, जिथून लाटा किनाऱ्याकडे जात होत्या.

एक मोठी आली. सासूबाईंनी ती जाऊ दिली. तिच्यामागची त्याहून मोठी, तीही जाऊ दिली. बाई म्हणाली, "ही घेऊया ना." सासूबाई म्हणाल्या, "ही भरलेली आहे. मागची येतेय." मागची आली, पुढे जाऊन फुटली, तिच्या फेसामागे त्यांनी बोर्ड घातला, आणि त्यानंतरच्या बारक्या लाटेने दोघींना पोटावरच उचलून धडपडत, हिंदकळत, खारं पाणी पाजत थेट वाळूवर आणून टाकलं. थोड्या वेळाने जावईही त्या नवऱ्याला घेऊन आला. तो पाणी ओकला, बसला, आणि त्याने बायकोचा हात धरला.

सासूबाईंनी घोट्याची दोरी सोडली. मग त्या वाळूत बसल्या. जावई शेजारी येऊन बसला. दोघंही धापा टाकत होती.

"आई, बऱ्या आहात ना?"

"बरी आहे. तुम्ही?"

"मीही."

आता लपवणं शक्य नव्हतं. त्या दोघांना तपासायला इस्पितळात नेलं, आणि तिथे त्या बाईने सगळ्या वॉर्डला सांगितलं की एका आजींनी मला समुद्रातून काढलं. लेकीच्या कानावर हे जायला कितीसा वेळ लागणार? संध्याकाळी ती दारातच चपला न काढता उभी राहिली. समोर सोफ्यावर आई आणि नवरा, दोघंही न्हाऊन, केस विंचरून, शहाण्यासारखी बसलेली.

"कधीपासून चाललंय हे?"

"झाले काही दिवस," जावई म्हणाला.

"तुला मी विचारत नाहीये. आई?"

"त्यांना काही बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "बोर्ड मी मागितला होता. आणि माणूस काम कसं करतो ते मी आज डोळ्यांनी पाहिलं. मी बोलले होते ना, लाटांत शिकवायचं काय म्हणून? ते चुकलं माझं."

लेकीने दोघांना चांगला अर्धा तास झापलं, कोपरावरची पट्टी उलगडून पाहिली, पुन्हा झापलं, आणि मग विचारलं, "उभं राहता येतं तुला खरंच?"

"ये आणि बघ."

सुट्टीच्या दिवशी लेक आली. नारळीखाली न बसता थेट पाण्याच्या कडेला, हात छातीशी बांधून उभी राहिली. समुद्र शांतावलेला होता, लाटा खांद्याएवढ्या. सासूबाई आणि जावई पलीकडे बसले होते. पहिल्या लाटेला सासूबाई उशीर करून बसल्या. दुसरीने त्यांना डोक्यावर उपडं केलं. लेकीने डोळे मिटून घेतले. तिसरी फुगत आली तेव्हा त्या दोन-चार हात जोरात मारून उठल्या, आणि लाट फुटायच्या आतच तिच्या हिरव्या उतारावरून बोर्ड तिरका निघाला. त्या किनाऱ्याकडे गेल्या नाहीत, किनाऱ्याला समांतर लांबवर सरकत गेल्या, वाकलेल्या, तोंड घट्ट मिटलेलं, आणि मग लाट संपली तशा हळूच पाण्यात बसल्या.

लेक पाण्यात गुडघाभर आत आली होती, चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला होता. "आई, आता बाहेर ये, पुष्कळ झालं," ती ओरडली.

सासूबाईंनी बोर्ड वळवला होता. "तू जेवून घे," त्या म्हणाल्या. "आम्ही येतो मागून."