दोन जिभांची क्रीम

ऐक ना, मध्ये काही विचारू नकोस, आधी सगळं ऐकून घे. एक मुलगी आहे, तिला सगळे ढमी म्हणतात. का म्हणतात ते बघितलं की कळतं, आणि तिला ते अजिबात आवडत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ती तिच्या मावशीच्या बेकरीत काम करते. पुढे दुकान, मागे भट्टी आणि मध्ये काचेचं दार लावलेली एक थंडगार खोली. ती क्रीमची खोली. तिथे फक्त मावशीचं राज्य.

मावशी तिथे पांढरा कोट घालून उभी राहते, लांब दांड्याच्या चमच्याने क्रीम चाखते, आणि तिचा एक नियम आहे. एका जिभेवर क्रीम बाहेर जात नाही. दोघांनी चाखायची, दोघांनी 'जमली' म्हणायचं, तेव्हाच ती केकवर चढणार. पहिली जीभ मावशीची, दुसरी ढमीची.

तर एक दिवस मावशी म्हणाली, "माझे गुडघे आता या थंडीला कंटाळलेत. तुझा हात बसला की खोली तुझी. कोटसुद्धा तुझाच."

ढमीचे पाय जमिनीवर राहीनात. लहानपणापासून तिला दुसरं काही नकोच होतं गं. मावशी बाहेर गेल्याबरोबर तिने कोट चढवला. वरची बटणं लागली, पोटावरचं काही लागेना. श्वास आत ओढला, लागलं. श्वास सोडला, बटण टुणकन उडालं आणि थेट भट्टीवाल्या काकांच्या चहात.

काकांनी बटण बोटाने बाहेर काढलं, पुसलं आणि तिच्या हातावर ठेवलं. "साखर कमीच होती," म्हणाले. "पण बटणाने काही फरक पडला नाही."

झालं. ढमीने बटण गुपचूप परत शिवलं, आणि त्याच दिवसापासून तिचं डाएट सुरू. चहात साखरेऐवजी त्या इवल्याशा गोड गोळ्या. तहान लागली की झिरोवाला कोला, बाटल्या लोण्याच्या खोक्यांमागे लपवलेल्या, कारण मावशीला असली थेरं चालत नाहीत, असं ढमीला वाटायचं. आणि जीभ चाळवली की शुगरफ्री टॉफी. पण गंमत बघ. केक कापून सारखा केला की कडेचे तुकडे उरतात ना, ते ती आधी मोजूनमापून खायची. आता तिने हिशोब मांडला: कोला शून्य, चहा शून्य, म्हणजे तुकड्यांना जागा झाली. मग चॉकलेटच्या केकचे दोन तुकडे, फळाच्या केकचे दोन, आणि एखादा वाया जाऊ नये म्हणून.

मैद्याची पोती जोखायचा काटा भट्टीजवळ आहे. कोणी नसताना ती त्याच्यावर चढायची. कोणी नसताना म्हणजे काका असताना.

"पोतं ओलं झालंय का गं?" काका भट्टीत बघत विचारायचे. "परवापेक्षा जड लागतंय."

"काका, मी पाणी पिऊन आलेय."

"असेल असेल. पाणी जडच असतं."

इकडे काय व्हायला लागलं, की दिवसभर तो कोला आणि त्या गोळ्या जिभेवर, त्यामुळे ढमीला रोजची क्रीम सपक लागायला लागली. ती घाबरत घाबरत म्हणाली, "मावशी, थोडी साखर कमी वाटतेय का?" मावशीने चमचा चाटला, डोळे मिटले. "अगदी माझ्या तोंडचं बोललीस. घाल अजून." ढमी काय खूश. आपली जीभ मावशीच्या जिभेला जुळली, अजून काय हवं? मग दर थोड्या दिवसांनी हेच. तिने म्हणायचं घालू का, मावशीने म्हणायचं घाल.

मग आला टॉफीचा दिवस. ढमीने एका बैठकीत अख्खं पाकीट संपवलं. शुगरफ्रीच आहे ना, मग कशाला भ्यायचं? पुढचं मी सांगत नाही, तू जेवून आलीयेस. एवढंच सांगते की मागच्या अंगणातला संडास त्या दिवशी दुसऱ्या कोणाला मिळाला नाही.

डॉक्टर बाईंनी पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं दाखवली. जास्त खाल्ल्यास पोट बिघडू शकतं. "कंपनीने सांगितलंय, तू वाचलं नाहीस," त्या म्हणाल्या. "आणि कोला कधीतरी प्यायलीस तर आभाळ कोसळत नाही. पण त्याच्या नावावर तू जे खातेस ते शून्य नसतं. शिवाय जिभेची गोडाची खोड तशीच राहते. आता साधं पाणी पी."

पोट बिघडलेल्या माणसाला क्रीमच्या खोलीत बंदी, हाही मावशीचाच नियम. ढमीची रवानगी दुकानाच्या काउंटरवर झाली, आणि दुसरी जीभ म्हणून काकांची नेमणूक. काका तर मावशीने चुना चाखायला दिला असता तरी 'जमली' म्हणाले असते. पोट बरं झालं तरी काउंटरवर माणूस हवा म्हणून ढमी तिथेच राहिली. साधं पाणी पीत राहिली, आणि तिथे बसून तिला दिसायला लागलं. नेहमीचे एक आजोबा पेस्ट्रीवरची क्रीम चमच्याने खरवडून कडेला ठेवतात. एक बाई केकचा घास घेते आणि आधी पाण्याचा ग्लास शोधते.

मग मावशीने तिला परत आत बोलावलं. एका मोठ्या हॉटेलच्या मॅनेजर बाई चव बघायला यायच्या होत्या, रोजचे केक आपल्याकडून न्यायचे की नाही ते ठरवायला. "आज नीट उभी राहा," मावशी म्हणाली. "त्या गेल्या की कोट तुला देऊन टाकते."

ढमीने चमचा तोंडात घातला आणि तिचे दात शिवशिवले. अगं, नुसता पाक. हे आपण केलं? ती गार पडली. पण एक कळेना, आपली जीभ कोलाने बिघडली हे ठीक, मावशीची कशाने?

तेवढ्यात मॅनेजर बाई आत आल्याच. मावशीने घसा ओला करायला आपला स्टीलचा थर्मास उघडला. गुडघ्यांसाठी गरम पाणी, असं ती सगळ्यांना सांगते. झाकण फिरवलं आणि थर्मास म्हणाला, फस्स.

ढमीने थर्मासकडे बघितलं. मग मावशीच्या कोटाकडे बघितलं. पोटावरचं बटण उघडंच होतं.

मावशीने घोट घेतला, क्रीम चाखली आणि ऐटीत म्हणाली, "किंचित कमी आहे. घाल गं अजून."

आता बघ हं. बाई समोर उभ्या. मावशीच्या जिभेला त्या खोलीत आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. ढमी 'घालते' म्हणाली तर कोट तिचा, पण हॉटेल गेलं, आणि आजोबा जन्मभर क्रीम खरवडणार. 'नाही' म्हणाली तर परक्या माणसासमोर मावशीची शोभा, आणि कोट गेला.

"नाही जमली, मावशी," ढमी म्हणाली. "गोड जास्त झालीये."

मावशी अशी बघत होती की ढमीला तो संडास बरा वाटला. मॅनेजर बाई म्हणाल्या, "म्हणजे आता?"

"दोन जिभा जुळल्या नाहीत तर क्रीम बाहेर जात नाही," मावशी सावकाश म्हणाली. नियम तिचाच ना, मोडणार कसा? "नवीन कर."

ढमीने जुन्या मापाने साखर जोखली, नवीन घुसळली. मावशीने चाखली आणि भांडं बाईंपुढे सरकवलं. बाईंनी चाखली, मग पुन्हा चाखली, मग म्हणाल्या, "सोमवारपासून पाठवा."

त्या गेल्यावर मावशीने दार लावलं. "तुला कसं कळलं?"

"गरम पाणी फस्स करत नाही, मावशी."

मावशीचे खांदे हलायला लागले आणि हसता हसता ती खुर्चीत बसली. "माझंही बटण लागेना गं. भाचीला कोट देण्याआधी शेवटचा एकदा सगळी बटणं लावून घालावा म्हटलं, म्हणून मीही झिरोवाला कोला धरला. तुझ्या बाटल्या लोण्यामागे ना? मला वाटायचं माझ्याच आहेत, मी विसरलेय. पीत होते."

काकांनी दारातून मान आत घातली. "काटा सांगत होता मला, दोघींचं," म्हणाले. "पण मला कोणी विचारलं नाही."

कोट ढमीला मिळाला. बटण शिंप्याकडून थोडं पुढे सरकवून घेतलं, ते मावशीनेच दिलं करून. आता क्रीमच्या खोलीत फक्त साधं पाणी, आणि संध्याकाळी दोघी लांबच्या रस्त्याने चालत घरी जातात, एकमेकींना तुकड्यांवरून टोमणे मारत. काटा थोडासा हललाय, असं काका म्हणतात.

पण मावशीने तिला एक ऐकवलंच. "त्या बाईंना माझीच आवडली असती ना, तर तुला भट्टीत घातलं असतं."

मला तर तिथे 'घालते, मावशी' असंच म्हणावंसं वाटलं असतं, खरं सांगते. तू सांग. कोट समोर, बाई समोर, मावशीच्या हातात तो फसफसणारा थर्मास. तू काय म्हणाली असतीस?