अकरा हिरव्या चिठ्ठ्या

हिरव्या चिठ्ठीचा कोपरा दुमडला होता, तो तिनं अंगठ्यानं सरळ केला — आणि आकडा दिसला. तेरा. लिफ्ट बाराव्या मजल्यावरून नुकतीच सुटली होती आणि बाराच्या वर चौदाचं बटण होतं, पहिल्या दिवसापासून तसंच, कारण टॉवर बांधणाऱ्यांना तेरा अशुभ वाटला आणि त्यांनी तो गाळूनच टाकला... मार्लिसच्या हातात अकरा चिठ्ठ्या होत्या आणि त्या न्यायला मजला नव्हता.

डिसेंबरचा पहिला सोमवार. संध्याकाळी पाचला, ज्या खिडकीवर हिरवी चिठ्ठी तिथला दिवा चालू, पडदा वर. बाकी खिडक्या काळ्या. मग डी मॉइन शहरावर, विधानभवनाच्या सोनेरी घुमटाला जरा खिजवत, नाताळची पंधरा मजली चांदणी उभी राहते. शेजारच्या अँकेनी गावाहून लोक पोरांना गाडीत घालून बघायला येतात. कुठल्या खिडकीला चिठ्ठी, याचा नकाशा सत्तावीस वर्षं मार्लिसनं हातानं काढला. माझी चांदणी, असं ती उघड म्हणायची, आणि कुणी हसलं तरी म्हणायची.

यंदा नकाशा संगणकानं काढला. "तुम्ही आता जानेवारीत निवृत्त होणार, कशाला डोळे फोडून घेता?" टॉवरची नवी व्यवस्थापक केंड्रा सकाळी म्हणाली होती, चांगल्या मनानंच. "फक्त गड्ड्या पोचवा." फक्त! — आणि संगणकानं बिचाऱ्यानं खरे मजले मोजले, बाहेरून दिसतात तसे, बारानंतर तेरा. म्हणजे वरची प्रत्येक ओळ एक मजला खाली उतरणार, आणि सर्वांत रुंद ओळ, चांदणीचे दोन्ही हात, तिच्या मुठीत राहणार. थोटी चांदणी. मार्लिसला आनंद झाला. तिला स्वतःची लाज वाटली, पण आनंद आधी झाला. उद्या सगळे म्हणतील, मार्लिस होती तेव्हा असं नव्हतं...

नव्हतं?

पहिल्या वर्षी मीसुद्धा तेरा लिहिलं होतं, तिला आठवलं. चिठ्ठ्या वाटून झाल्या, एक गड्डी उरली, तर मी ती जास्तीची समजून टेबलावर टाकली आणि केस विंचरायला गेले. पाचला चांदणी लागली, अखंड, आणि खाली पार्किंगमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या. इमारतीचा जुना इंजिनिअर ओरिन शेजारी उभा होता, घामेजलेला, डिसेंबरात. "कशी आहे माझी चांदणी?" मी विचारलं. त्यानं वर बघितलं. म्हणाला, "सरळ आहे."

तो वारल्यावर बॉयलरच्या खोलीतल्या त्याच्या ड्रॉवरमध्ये अकरा चिठ्ठ्या सापडल्या. तेरा, मार्लिसच्याच अक्षरात. खोडून पेन्सिलीनं चौदा. म्हणजे त्या दुखऱ्या गुडघ्यांनी तो मजल्यामागून मजला चढला होता, लावलेल्या चिठ्ठ्या सोलून वर नेत... आणि पुढची दहा वर्षं रोज तिच्याबरोबर कॉफी प्यायला होता.

लिफ्ट उघडली. चौदा. विमा कंपनीतला ड्वेन खुर्चीतूनच म्हणाला, "काय मार्लिस, यंदा संगणकाची हमाली का?"

"हमाली नाही रे, टपाल."

"मग पत्र दे की. का उघडून वाचतेयस?"

तिच्या ढकलगाडीत वरच्या सगळ्या गड्ड्या अजून तशाच होत्या. तेराची चौदाला, चौदाची पंधराला, अशीच शेवटपर्यंत. ओरिनच्या मानानं काहीच नाही. तिनं पेन्सिल काढली, तेरा खोडला, चौदा लिहिला, अकरा वेळा. आकडे वाकडे आले. ड्वेन चिठ्ठ्या घेऊन खिडक्यांकडे गेला.

पाचला केंड्रा पार्किंगमध्ये तिच्याशेजारी उभी राहील. लोक टाळ्या वाजवतील, आणि ती पोरगी तोंड वर करून विचारणारच, कशी आहे चांदणी... मार्लिसनं परत लिफ्टमध्ये शिरून बंद दाराकडे बघत ओठ हलवून पाहिले. सरळ आहे. पुन्हा एकदा, जरा हळू. शब्द दोनच होते. पण त्यांच्या पुढे आणखी काहीतरी दातांशी येऊन थांबत होतं, आणि ते आत ठेवायला ओरिनला काय लागलं असेल, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं. तिनं पंधराचं बटण दाबलं. मान मात्र ताठ होती.